खोरसवाडीच्या पाण्याचा दाखला

परभणी, २ फेब्रुवारी १९८७
आजपासून नवा माणूस. सायंटिफिक माणूस. खोरसवाडीचा फुटका पाझर तलाव दुरुस्त होणार की नाही, हे माझ्या बाटल्या ठरवणार. वरून हुकूम आहे: गावच्या विहिरींना तलावाचंच पाणी मिळतं हे सिद्ध करा, मग मंजुरी. सोपं आहे. उन्हानं तलावातलं हलकं पाणी आधी उडतं, जड मागे राहतं. तोच जडपणा विहिरींत सापडला की काम फत्ते. आयसोटोप, म्हणजे पाण्यातले हे हलके-जड अणू, खोटं बोलत नाहीत. साहेबांना दोनदा समजावलं. दोनदा जांभई.
निश्चय: सगळे नमुने स्वतःच्या हातानं घ्यायचे.

५ फेब्रुवारी
जाणं झालं नाही. नामांतराच्या मोर्च्यामुळे दहाला एस.टी. बंद म्हणे. मी साडेअकराला स्टँडवर पोचलो, तेव्हा सुरू झाली होती. पण मूड गेला.

६ फेब्रुवारी, दुपार
खोरसवाडी. तलावाचा नमुना स्वतः घेतला. एक चप्पल चिखलात राहिली. उरल्या चार विहिरी. ऊन भयंकर. माझा घाम नमुन्यात पडला तर? शास्त्राच्या दृष्टीनं सरपंच तात्यारावांच्या ओसरीवर बसणंच योग्य. बाटल्या त्यांच्या भावजयीकडे, नर्मदाबाईंकडे दिल्या. काठोकाठ भरा, जराही हवा राहू देऊ नका, असं बजावलं. पाणी कुठं जायलंय, म्हणाल्या. मुंबईला, मोठ्या साहेबांकडे, म्हटलं. बाई एकदम गंभीर झाल्या. विज्ञानाबद्दल असा आदर शहरात उरलेला नाही.
धपाटे संपेपर्यंत चारही बाटल्या हजर. पाणी नितळ. झाकणांना मेण मात्र मीच लावलं.
निघताना तात्याराव म्हणाले, तलाव झाला न्हाई तर गाव सोडावं लागंल सायेब. मी म्हणालो, निर्धास्त राहा.

७ फेब्रुवारी
फॉर्मवर 'नमुने घेणारा' या रकान्यात सही ठोकली. मेण मी लावलं, म्हणजे नमुने मीच घेतले.

२० एप्रिल
रिपोर्ट आला. चारही विहिरींचं पाणी हुबेहूब एक, आणि तलावाशी काडीचा संबंध नाही. सबब दुरुस्तीची गरज नाही. साहेबांनी माझं अभिनंदन केलं, सरकारचा खर्च वाचला म्हणे. मुंबईची मशीन बिघडली असणार. उद्या खरमरीत पत्र लिहिणार.

२१ एप्रिल
पेनमधली शाई वाळली.

२४ एप्रिल
खोरसवाडी. नर्मदाबाईंना सहज विचारलं. म्हणाल्या, आमच्या हिरीचं मचूळ पाणी मुंबईच्या सायबाला प्यायला धाडावं का? टँकरचं भरलं की. घरात हंडाभर होतं, तेच. लय गोड हाय.
त्या दिवशी लेकरांना काय प्यायला दिलं, हे विचारायचा धीर झाला नाही.

२५ एप्रिल
साहेबांना खरं सांगायचं. सोमवारी नक्की.

२७ एप्रिल, सोमवार
साहेब रजेवर.

२८ एप्रिल
मी रजेवर.

५ मे
सांगितलं. साहेब म्हणाले, सही तुमचीच ना? नवे नमुने घेऊ म्हणालो. मार्चएन्ड झाला, बजेट संपलं, फाइल बंद, म्हणाले. मी काय करणार? फार वाईट वाटतंय. कुणाला सांगू?

९ जून
खोरसवाडी. तात्यारावांना खरं सांगायचं ठरवून गेलो. अर्धी घरं बंद. तात्याराव ऊसतोडीवाल्या मुकादमाला भेटायला गंगाखेडला गेलेले. नर्मदाबाई तेवढ्या होत्या. पाणी पसंत पडलं का सायबाला, म्हणाल्या.
पडलं, म्हणालो.
त्यांना फार आनंद झाला. टँकर बंद झालाय, आज हिरीचंच हाय, राग मानू नका, असं म्हणत तांब्या पुढे केला. काठोकाठ भरलेला. मी बजावलं होतं तसा.