अठ्ठेचाळीस किलोची कोमल

२० ऑक्टो. २००६, शुक्र. नवीन जालना.
चकल्या झाल्या. शेव उद्या. पोरीचं नाव कोमल ठेवलं ते ह्यांनी. आता ती बॉक्सिंग खेळते, लोकांच्या पोरींची नाकं सुजवते. अकरावीला गेलेली माझी नात, आणि दिवाळीत चकलीला हात लावत न्हाई. म्हणते, पंधरा दिवसांवर जिल्ह्याची निवड आहे, अठ्ठेचाळीस किलोच्या गटात उतरायचंय, आणि अंगावर आहेत साडेपन्नास.
"अडीच किलो कुठं टाकून येणार?"
"घामात."
मी सांगून राह्यले, हे लिहून राह्यले आणि चकली खाऊन राह्यले. कागदावर तेलाचा डाग पडला तो ह्यांचा. मला अक्षर येत न्हाई, पण डाग कळतो.

२७ ऑक्टो.
पोरगी नायलॉनचा रेनकोट घालून पळायला जाते. पाऊस न्हाई, ढग न्हाई. शेजारीण विचारते, कोमलला काय झालं? म्हणलं, तिला पुढच्या वर्षीचं आभाळ आत्ताच दिसून राह्यलं.
भात बंद. मीठ बंद. सून घाबरली. लेक म्हणतो, "तिच्या सरांना कळतं, आई." सर चांगला माणूस आहे, वजनाचं त्याला कळत असंल. स्वतःच्या पोटाचं मात्र... हे म्हणतात, असलं लिहू नये. लिहा.

३ नोव्हें., शुक्र.
उद्या संध्याकाळी वजन. आज दुपारपासून पाणीही बंद. चिंच तोंडात धरून बसते आणि पेल्यात थुंकते, अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून. हे परतूरच्या मोंढ्यात बत्तीस वर्षं मापाडी होते, धान्याच्या गोण्या तोलायचे. विचारलं, पेल्यात किती असंल हो? हात न लावता म्हणाले, "छटाकभर." नातीच्या थुंकीचंसुद्धा माप.
ओठ सुकलेत पोरीचे. मी हळूच म्हणलं, "एक घोट घे, कुणाला सांगत न्हाई."
"काट्याला कळतं, आजी."
हे खुश. "बराबर बोलली. काट्यावर दिसलं ते वजन."
नातीत ह्यांना आता दुसरा मापाडी दिसून राह्यला.

४ नोव्हें., शनि.
मी, हे आणि कोमल, तिघं गेल्तो. काटा विजेवरचा, लाल आकड्यांचा. ह्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं म्हातारा बैल ट्रॅक्टरकडं बघतो. (मी तसं बघितलं नाही. — लिहिणारा.)
सत्तेचाळीस किलो नऊशे. बसली गटात. उतरली आणि आधी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं म्हणजे माझ्या पिशवीकडं.
साखर-मिठाचं पाणी, भाताची पेज, मंग दोन केळी. घरी येऊन दूध-भाकर कुस्करून. सर म्हणाले होते, हळूहळू द्या. हळूहळूच दिलं, फक्त थांबले न्हाई. पोरीच्या गालावर रंग परत येताना बघत बसले. कुंडीला पाणी घातल्यावर येतो तसा.

५ नोव्हें., रवि.
सकाळी दोन धपाटे, दही. मंग लढतीच्या हॉलमध्ये गेलो, कालचा काटा तसाच पडलेला. आता कुणी बघत न्हाई म्हणून कोमल गमतीनं चढली. पन्नास किलो शंभर. रात्रीत दोन किलो दोनशे. हे म्हणाले, "मोंढ्यात आणताना कापसालाही इतकं पाणी कुणी पाजलं न्हाई." मला मात्र लई बरं वाटलं. माझ्या हातचं वजन ते.
पुढं वैशाली नावाची पोरगी, कुंभार पिंपळगावकडची. हडकुळी, पण पाय असे की जमिनीला टेकतच न्हाईत. पहिल्या फेरीत तिनं कोमलला दोनदा चकवलं. दुसऱ्या फेरीत कोमलचा एक ठोसा बसला आणि ती दोरावर जाऊन पडली. ठोसा लागला म्हणून न्हाई, ढकलल्यावर मागं गेली तशी गेली. तिसऱ्या फेरीत तिच्या नाकातनं रक्त. कोमल जिंकली. मी ओरडले म्हणे. आठवत न्हाई. (ओरडली. शेजारच्या अनोळखी माणसाचा खांदा धरून. — लिहिणारा.)
मंग पाण्याच्या टाकीपाशी वैशालीची आई भेटली. पोरीच्या नाकाला ओला रुमाल धरून उभी. राग न्हाई, काही न्हाई. हसून म्हणाली, "मावशी, तुमच्या पोरीच्या हातात लई जोर हाय. काय खाऊ घालता?"
"भाकरी," म्हणलं.
"आमची सेहेचाळीसालाच कमी भरती का काय असं वाटलं. सेहेचाळीसच्या वर न्हाई भरलं तर अठ्ठेचाळीसच्या गटात घेत न्हाईत. काल दोन केळी चारली अन् मंग काट्यावर चढवली."
माझीही दोनच होती. तिची काट्याच्या आधी, माझी नंतर.


६ नोव्हें.
चहाच्या वेळी ह्यांना विचारलं, मोंढ्यात गोणी तोलली की काय करायचे?
"तोंड शिवायचं, रंगानं खूण करायची, मंग हलवायची."
"का?"
"मागनं कुणी काढू न्हाई, कुणी घालू न्हाई."
"मंग आपल्या गोणीचं तोंड का न्हाई शिवलं?"
चहा संपला तरी कप हातातच. म्हणाले, "पोरगी गोणी न्हाई. पोरगी जेवणार." तेही खरं. मंग म्हणाले, "नियमात बसतं ते."
म्हणलं, "नियमात बसतं म्हणून तर तुम्हाला विचारलं. बसत नसतं तर सरांना विचारलं असतं."
मापाड्यानं कप मोरीत नेऊन ठेवला. तसंच लिहा म्हणलं, लिहिलं त्यांनी. सून म्हणते, आजच्या पानावर अक्षर जरा वाकडं आहे.

८ नोव्हें.
कोमलच्या डोक्याला तेल लावायला घेतलं. केस माझ्या मुठीत असले की तिला पळता येत न्हाई. वैशालीच्या आईचं बोलणं सांगितलं.
"सगळ्याच सुकवतात, आजी. जिल्ह्यानंतर विभागाच्या स्पर्धेला ज्या येतात त्या सगळ्या. मी एकटी भरल्या अंगानं गेले तर माझ्यापुढं माझ्याहून मोठी पोरगी उभी राहील."
"वैशालीनं न्हाई सुकवलं."
"तिच्या अंगावर सुकवायला होतं काय?"
मी वेणी घालत राह्यले.
वेणीला रिबीन बांधल्यावर बोलली. पन्नासच्या गटात आपल्या जिल्ह्यातनं कुणीच उतरलं न्हाई. जागा खाली आहे. कोमलनं तिथं नाव दिलं तर अठ्ठेचाळीसमधी दुसरी आलेली विभागाला जाईल. दुसरी म्हणजे वैशाली. सरांना शनिवारपर्यंत सांगायचं.
"मंग दे की."
"पन्नासला औरंगाबादची एक आहे. मागल्या साली बघितली मी. काट्यावर पन्नास, रिंगणात त्रेपन्न. लई मारते."
"आणि अठ्ठेचाळीसला राह्यली तर?"
"तर राज्याला जाईन. बहुतेक."
राज्याला जायचं हे तिच्या पलंगामागच्या भिंतीवर लिहिलेलं आहे, सातवीपासून. मला वाचता येत न्हाई. पण दर दिवाळीला चुना मारताना तेवढी जागा सोडायची असते, एवढं ठाऊक आहे.

९ नोव्हें.
लेक म्हणतो अठ्ठेचाळीस. सून म्हणते खेळच नको, बारावीचं बघा. हे म्हणतात, सर सांगतील ते. मला कुणी विचारत न्हाई म्हणून मी सगळ्यांना सांगून राह्यले, पन्नास, पन्नास.
पण इथं खरं लिहा. पन्नासला गेली आणि त्या औरंगाबादच्या पोरीनं हिचं नाक फोडलं तर रुमाल मला धरायचा आहे. तेव्हा हसून विचारता येईल का मला, काय खाऊ घालता म्हणून? मला न्हाई वाटत. मी त्या बाईएवढी चांगली न्हाई. मी भांडीन.
हे म्हणाले, "हे एक बरोबर लिहिलंस." म्हणलं, लिहिलं तुम्ही. मी नुसतं बोलले.

१० नोव्हें.
काही न्हाई. पोरगी दोनदा सायकल पुसून बसली. सायकल साफच होती.

११ नोव्हें., शनि.
सकाळी सरांकडं निघाली. सायकल फाटकापाशी नेली आणि थांबली. "आजी, तू सांग."
तीन दिवस घरभर पन्नास-पन्नास करत फिरले, आणि आता पोरीनं विचारलं तर मीच उलट विचारायला लागले. म्हणलं, "मी सांगितलं तर मार कोण खाणार?"
"मी."
"मंग मी कशी सांगू, बाई?"
हसली. मंग म्हणाली, "ती बाई काय म्हणाली होती, परत सांग. जसंच्या तसं." सांगितलं. ऐकून घेतलं, पायडल दोनदा उलटं फिरवलं, गेली.
तास होऊन गेला. मघाशी हे पेपर घेऊन ओट्यावर बसले होते, एक पान उलटलं न्हाई. म्हणलं, त्यापेक्षा आत या, लिहायला बसा. भात झालाय, वरण झालंय, वांगी शिजून राह्यली. अठ्ठेचाळीस म्हणाली असंल तर उद्यापासून ताटातलं एकेक कमी होणार. पन्नास म्हणाली असंल तर मी आत्ताच भिऊन राह्यले. जेवणार मात्र आज दोन्हीकडनं. ताट केलेलं आहे.
मी विचारणार न्हाई, तुम्हीही विचारू नका. जिंकली, हरली, ते तिचं. मी वाढणार. वाढताना बास म्हणून हात आडवा करती का न्हाई एवढं बघीन, आणि न्हाई केला तर
फाटक वाजलं. ठेवा पेन.