बोर्डावर आलेलं भाऊचं पत्र

शंकर नगर, रायपूर
३ ऑगस्ट २०२५

ती. भाऊ यांस,
पमाचा सा. न. वि. वि. उत्तराले उशीर झाला, रागवायच्या आधीच कान धरते.

कारण ऐका. शाळेत सगळ्या वर्गांत मोठे स्मार्ट बोर्ड लागले, खडू-फळा गेला. प्राचार्य मॅडमनी बैठकीत सांगितलं की प्रत्येक शिक्षकानं दहा ऑक्टोबरपर्यंत बोर्डावर एक तास घेऊन दाखवायचा, त्या स्वतः मागे बसून पाहतील. ज्याले नाही जमलं त्याचा विषय दुसऱ्याकडे. म्हणजे माझी चित्रकला कम्प्युटरवाल्या विशाल सरांकडे जाणार आणि मी लायब्ररीत पुस्तकांवर नंबर चिकटवत बसणार. अठ्ठावीस वर्षं पोरांच्या हातात पेन्सिल दिली भाऊ, आणि रिटायर व्हायले चार वर्षं राहिली असताना हे.

शिकायले मी तयार आहे. पण तुम्ही लहानपणी शिकवलं तसं मी हात टेकवून चित्र काढते, आणि हा बोर्ड टेकलेल्या तळव्याले डस्टर समजतो. बोटानं घोड्याची मान काढली की खाली तळव्यानं त्याचे पाय पुसले जातात. काल सातवीच्या पोट्ट्यांनी तासभर बिनपायाचा घोडा पाहिला. त्यांचं हसून पोट दुखलं, आणि मी घरी येऊन रडली. हे म्हणतात, झालं तितकं पुरे, राजीनामा दे. मले नाही द्यायचा. वर्ग सुटला तर मी सकाळी उठून करू काय?

तब्येतीले जपा. लोभ आहेच, तो असाच पुरवून वापरा.
तुमची,
पमा

*

नागपूर
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद. तुझं नाव दरवेळसारखं वर ठसठशीत काढलं आहे, बाकीचं बारीक अक्षर सांभाळून घे.

चौकातली लाल पेटी उचलून नेल्यापासून आपली पत्रं फोटोनंच जातात. हे पत्रही अभिनव ऑफिसले जायच्या आधी फोटो काढून पाठवेल. तो म्हणतो, बाबा, सरळ फोन काहून नाही करत. आजकालच्या पोरांले सांगून काय उपयोग. फोनवर तू चार मिनिटं सगळं छान आहे म्हणते आणि ठेवून देते. रडली हे कागदावरच लिहिते.

आता तुझ्या घोड्याचं. मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या स्टेशनांच्या पाट्या रंगवल्या. ओल्या रंगावर हात टेकवला असता तर साहेबानं घरीच पाठवलं असतं. आम्ही काय करत होतो? हातभर काठी घ्यायची, तिच्या टोकाले कापडाचा गोळा बांधायचा, तो गोळा पाटीच्या चौकटीवर टेकवायचा आणि काठीवर मनगट ठेवायचं. हात अधांतरी राहत नाही आणि पाटीले लागतही नाही. तुझ्या बोर्डाले चौकट असेलच. करून पाहा. राजीनाम्याचं नाव काढलं तर मी रायपूरले येऊन तुझ्या नवऱ्याशी भांडीन, सांगून ठेव.

माया कमी पडू देऊ नको, इकडून कमी पडणार नाही.
तुझा,
भाऊ

*

शंकर नगर, रायपूर
१४ सप्टेंबर २०२५

ती. भाऊ यांस,
पमाचा सा. न. वि. वि. काठी लागू पडली. सदर बाजारातून पडद्याची काठी आणली, टोकाले जुन्या साडीचा गोळा बांधला. पहिल्या दिवशी पोट्टे म्हणाले की आज मॅडम मारायले आल्या. मग घोड्याचे चारही पाय शाबूत राहिले तेव्हा टाळ्या वाजवल्या. विशाल सरांनी त्या काठीचा फोटो काढला. पोट्टा स्वभावानं चांगला आहे हो भाऊ, माझ्या मुलाच्या वयाचा. स्वतःहून म्हणाला की दीदी, मले तुमचा विषय नको, मले चित्रातलं काही येत नाही. जेवणाच्या सुटीत रोज शिकवतो.

आता मी मोबाइलवरचं चित्र बोर्डावर दाखवू शकते आणि दोन बोटांनी मोठंही करू शकते. दहा तारखेले तेलीबांधा तलावाचा फोटो दाखवून पाण्यातली सावली शिकवायचं ठरवलं आहे. आठवीचा वर्ग आहे. मोबाइल जोडला की मोबाइलमध्ये जे होतं ते सगळं बोर्डावर दिसतं, म्हणून सर बजावून राहिले की तासात दुसरं काही उघडू नका. मी हव म्हटलं.

एक तक्रार आहे. तुमची पत्रं आखूड होऊन राहिली. आधी चार-चार पानं यायची, आता एकात आटोपता. बहिणीसाठी शाई महाग झाली का?

आठवण ठेवा, म्हणजे मले वेगळं मागावं लागणार नाही.
तुमची,
पमा

*

नागपूर
९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद. उद्या तुझा तास आहे, म्हणून दोनच ओळी.

घाबरू नको. तुमच्या प्राचार्य बाईंनी जन्मात फूटपट्टीशिवाय रेघ मारली नसेल, त्या तुझं काय तपासणार? आणि आठव, पाचवीपर्यंत तू हत्ती काढला की शेजारपाजारचे म्हैस छान आहे म्हणत. तिथून इथवर आली. उद्याचा तास म्हणजे काय मोठी गोष्ट. मले तुझा अभिमान आहे, हे तोंडानं कधी म्हटलं नाही, लिहून ठेवतो.

जीव लावते तसाच लावत राहा.
तुझा,
भाऊ

*

शंकर नगर, रायपूर
१० ऑक्टोबर २०२५

ती. भाऊ यांस,
पमाचा सा. न. मी पास झाली, हे आधी सांगते. चित्रकला माझ्याचकडे राहिली. आता बाकीचं.

तास सुरू झाला. मॅडम शेवटच्या बाकावर, वही घेऊन. तलावाचा फोटो बोर्डावर आला, मी काठी टेकवून सावलीची पहिली रेघ मारली, आणि तेवढ्यात मोबाइलवर अभिनवचं नाव चमकलं. तुमचं पत्र आलं की मले दम धरवत नाही, हे तुम्हाले माहीत आहे. इतक्या वर्षांची सवय. विशाल सरांचं बजावणं विसरून बोट आपोआप गेलं, आणि तुमचं अख्खं पत्र बोर्डावर.

मराठी बोलता येत नसली तरी इथल्या पोट्ट्यांले अक्षर वाचता येतं, अर्धंअधिक समजतंही ना. मी ते बंद करायले बटण शोधून राहिली, तोवर पुढच्या बाकावरच्यांनी फूटपट्टी आणि म्हैस दोन्ही मोठ्यानं वाचलं. वर्ग हसून लोळला. मागे पाहायची माझी हिंमत होईना. वाटलं, गेली चित्रकला. पण मॅडमले थोडी मराठी समजते, त्याच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की लिहिणाऱ्यांचं बरोबर आहे, माझी रेघ फूटपट्टीनंही वाकडी येते. मग त्यांनी विचारलं की असं सुंदर अक्षर काढलं कोणी.

मग माझी भीती गेली. मी तलाव सोडला आणि तुमचं अक्षरच शिकवायले घेतलं. सांगितलं की हे माझे मोठे भाऊ, यांनी स्टेशनांच्या पाट्या रंगवल्या. वरचं माझं नाव दोन बोटांनी मोठं केलं, इतकं की बोर्डभर फक्त ‘प्र’ राहिला. उभी रेघ एका श्वासात कशी उतरते, ते बोटानं दाखवून राहिली होती. तेव्हा निधी नावाच्या पोट्टीनं हात वर केला. दोन वर्षं माझ्या वर्गात आहे, कमी बोलते. ती म्हणाली की मॅडम, रेघ एका श्वासातली नाही, दादाजींचा हात कापतो.

मी म्हटलं, कागद खडबडीत असेल. मग पाहिलं. रेघेच्या दोन्ही कडा थरथरलेल्या होत्या. पुढचा ‘मो’ पाहिला, ‘दि’ पाहिला, ‘नी’ पाहिला. सगळीकडे तेच.

तास कसाबसा पुरा केला. घरी येऊन तुमची या वर्षीची सगळी पत्रं मोठी करून पाहिली. जानेवारी-फेब्रुवारीत रेघ तुमची आहे. एप्रिलपासून नाही. सहा महिने मी ही पत्रं वाचली भाऊ, वर शाई महाग झाली का म्हणून टोमणा मारला, आणि मले काही दिसलं नाही. चित्रकलेची मास्तरीण म्हणवते मी. मले माझाच राग येऊन राहिला.

दिवाळीची सुटी लागताच अठरा तारखेच्या गाडीनं निघते, तिकीट काढलं. फोन करू नका, तुम्ही सगळं छान आहे म्हणाल. लिहा. खरं लिहा.
तुमची,
पमा

*

नागपूर
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद. पास झाली, पोटभर आनंद झाला. बाईंची मी माफी मागितली म्हणून सांग.

होळीनंतर सुरू झालं. आधी चहाची बशी वाजायची, मग पेन. डॉक्टरनं कंपवात सांगितला. गोळ्या चालू आहेत, जिवाले धोका नाही, पण हळूहळू वाढेल म्हणतो. तुले कळवलं नाही, कारण डॉक्टरकडे गेलो तेव्हा तुझ्यामागं बोर्डाचं लागलं होतं. हे अर्धं खरं. बाकी अर्धं असं की मले लाज वाटली. छत्तीस वर्षांत माझी रेघ कोणी दुसऱ्यांदा मारायले सांगितली नाही. माझा हात कापतो हे तुले, माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरीले, कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून एक पत्र तीन-तीनदा लिहीत होतो. पहिले दोन कागद फाडायचे, त्यातल्या त्यात बरा तिसरा अभिनवकडे द्यायचा. पत्रं आखूड झाली ती यामुळं. चार पानं तीनदा लिहायले दम पुरत नाही. अभिनवले शपथ घातली होती, त्याच्यावर रागवू नको.

त्या निधीले माझा आशीर्वाद सांग. जे आहे ते पाहते, असं पोरगं वर्गात एखादंच असतं. तिचा हात धरून शिकव.

तू ये. बेसनाचे लाडू करून आण, इकडचे कोणालेच जमत नाहीत. हा कागद पहिलाच आहे, फाडला नाही. वर तुझं नाव वाकडं झालं आहे, ‘नी’ तर ओळीच्या खाली घसरला. अभिनवनं दुसरा कागद पुढं केला होता. मी नको म्हटलं, तिले हाच पाठव.

आहे तसा,
तुझा भाऊ