व्हॉल्व्ह बंद करण्यामागची माझी भूमिका

२ मार्च, सोमवार
सुटलो! पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीतून जनजागृती कक्षात बदली. तूर्त तात्पुरती. बावीस तारखेला, जलदिनी, साहेब माझं काम बघणार आणि कायम करायचं की परत खिडकीत बसवायचं ते ठरवणार. मी परत जाणार नाही. इतकी वर्षं लोकांची बोलणी खाल्ली, आता लोकांना शहाणं करणार. संकल्प : सुरुवात स्वतःपासून. उद्यापासून अर्ध्या बादलीत आंघोळ.

३ मार्च
अर्ध्या बादलीत आंघोळ झाली. साबण तेवढा राहिला. साहेबांनी विचारलं, कानामागे पांढरं काय लागलंय. मोहीम लागली आहे, हे उत्तर सुचलं ते घरी आल्यावर. संध्याकाळी दोन बादल्या घेतल्या. पण त्या साबण काढायला, आंघोळीत धरायच्या नाहीत.

७ मार्च
दिवसभर डोकं खाजवून घोषवाक्य केलं : ‘पाणी म्हणजे पाणीच!’ बायको म्हणाली, यात चूक तरी कुणी काढू शकणार नाही. तिच्याकडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी. आमच्या इमारतीच्या जिन्यात पोस्टर लावलं.

८ मार्च
पोस्टरवरच्या थेंबाला कुणीतरी मिशा काढल्या. म्हणजे लोक थांबून बघतात.

११ मार्च
घरोघर प्रबोधन, सुरुवात शेजाऱ्यांपासून. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, गढूळ पाण्याची तक्रार मी तुमच्याच खिडकीत दिली होती ना, तिचं काय झालं? वरच्या मजल्यावर गाडी चालवायला शिकवणारे मास्तर राहतात. त्यांनीही तेच विचारलं. प्रत्येक दारात माझा चेहरा ओळखीचा निघाला. समाजकार्याला ओळख लागतेच. पाय दुखायला लागले म्हणून मोहीम आवरती घेतली.

१५ मार्च, रविवार
इमारतीच्या हॉलमध्ये व्याख्यान. उपस्थिती : बायको, सासूबाई (झोपलेल्या) आणि सोसायटीचे सेक्रेटरी (हॉलला कुलूप लावायचं होतं म्हणून). अहवालात ‘निवडक श्रोते’ असं लिहिलं.

१६ मार्च
साहेब म्हणाले, निवडक नकोत, गर्दी हवी. रविवारी ते स्वतः आमच्या इमारतीत येणार. अंगणात माणसं दिसली नाहीत तर सोमवारपासून खिडकी. जेवण गेलं नाही. बायकोला डाएट सांगितलं.

१८ मार्च
लोकांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलंय. मास्तरांचा रविवारी क्लास असतो. शिंपीणबाई म्हणतात, आधी पाणी स्वच्छ येऊ दे, मग मी येते. सेक्रेटरींनी दारच उघडलं नाही, आतून टीव्ही ऐकू येत होता. मला त्या खिडकीत बसायचं नाही. नाही म्हणजे नाही. आजकाल स्वप्नातही कुणीतरी काचेवर नाणं वाजवतं आणि मी घामाघूम होऊन उठतो.

१९ मार्च
सुचलं! रविवारी सकाळी गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. नळ कोरडे पडले की लोक आपल्या पायांनी खाली येतील. तिथे मी उभा. पाण्याची किंमत पटवून द्यायची आणि मग व्हॉल्व्ह उघडायचा. बायकोने विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? निदान लोकांना आधी सांगा, म्हणाली. सांगितलं तर लोक पाणी भरून ठेवतील, मग जागृती कसली? आपल्या घरातही थेंब साठवायचा नाही, असं ठणकावून सांगितलं. एक बादली दाराआड भरून ठेवणार आहे. ती अडीअडचणीला.

२२ मार्च, जलदिन, दुपारी
यश! अख्खी इमारत अंगणात. कुणाच्या तोंडाला पेस्ट, कुणाच्या हातात रिकामी बादली. मास्तर निम्म्या दाढीत. (मी मात्र दाराआडच्या बादलीतून पूर्ण आंघोळ केली होती. साहेब यायचे होते.) साहेब खूश, फोटो झाला. मी बोलत असताना लोक मधूनमधून घोषणा देत होते, शब्द नीट कळले नाहीत. मग गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडला. खाली येऊन पाहतो तर साहेबांभोवती कडं. पाणीखात्याचे साहेब आयते हाती लागल्यावर कोण सोडतो? वर्षानुवर्षांच्या तक्रारी बाहेर निघाल्या. पाणी आलं असं मी दोनदा ओरडून सांगितलं, पण एकही जण घरी जायला तयार नाही. असा उत्साह मी जन्मात पाहिला नव्हता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नळाला पाणी नसलं की माणूस तो पूर्ण उघडून बघतो आणि तसाच टाकून तावातावाने खाली येतो. हे मला आधी कुणी सांगायला नको होतं? जिन्यावरून पाणी आलं तेव्हा साहेब खालच्या पायरीवर उभे होते. नवे बूट. शिंपीणबाईंकडे शिवायला आलेलं कापड भिजलं. टाकी पार रिकामी झाली, आता उद्या रात्रीपर्यंत पाणी नाही. सगळ्यात जास्त लोट आमच्या न्हाणीघरातून आला. तो नळ सकाळी मीच उघडून बघितला होता. व्हॉल्व्ह नीट बंद झालाय का, याची खात्री करायला. बायको फरशी पुसत राहिली. तरी एक आहे. आज इमारतीत पाण्याशिवाय दुसरा विषय नाही.

२३ मार्च, सोमवार
खिडकी.
रांगेत सेक्रेटरी. मग मास्तर. मग ओल्या कापडाचं गाठोडं घेऊन शिंपीणबाई. सगळ्यांना ‘नोंद घेतली आहे’ म्हणालो. मान वर केली नाही.
पुढचा हात ओळखीचा निघाला. बायको. नियमाप्रमाणे नाव विचारलं. तिने सांगितलं. पत्ता विचारला. तोही सांगितला, मजल्यासकट. तक्रारीचं स्वरूप विचारलं. तिने माझा जेवणाचा डबा खिडकीतून आत सरकवला आणि उघडून बघा म्हणाली.
रिकामा होता. स्वयंपाकाला पाणी नाही असं लिहा, म्हणाली.
लिहिलं.