घड्याळ बरोबर चालू लागल्याबद्दल

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी खाली करतेच, पण आधी एक दुरुस्ती, नाहीतर माझं पुढच्या ओळींत लक्ष लागणार नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की इथल्या जेवणघरातलं भिंतीवरचं घड्याळ बिघडलं होतं आणि ते मी दुरुस्त केलं. ही दोन्ही विधानं चुकीची आहेत. घड्याळ बिघडलेलं नव्हतं, आणि मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणावं की नाही याबद्दल या घरात कोणी अवाक्षर काढत नाही, हीच तर अडचण आहे. ते पत्र तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलंत असं आईकडून कळलं. कृपा करून त्या सगळ्यांना हेही वाचून दाखवा. (ताजा कलम सोडून. तो आधी एकट्याने वाचा.)

आता गुडघा. आई म्हणते बरा आहे, तुम्ही म्हणता उत्तम आहे, म्हणजे नक्की ठणकत असणार. स्टुलावर चढून वरच्या रांगेतल्या घड्याळांना चावी देणं बंद करा. मी तिथे नाही म्हणून ती घड्याळं रुसून बसणार नाहीत. माझी तब्येत चांगली आहे. कारखान्यातलं शिकाऊपणही बरं चाललंय, फक्त इथे प्रत्येकाच्या वाट्याला घड्याळाचा एकेकच भाग येतो. माझ्याकडे स्प्रिंगा आहेत. शेजारचा गृहस्थ फक्त काटे बसवतो, पलीकडची मुलगी तबकड्या पुसते, आणि दिवसभर शेकडो घड्याळांत बसूनही आम्हाला वाजले किती हे भोंगा झाल्याशिवाय कळत नाही. तुमच्या काउंटरखाली खोक्यावर बसून मी आकडे शिकले ते तबकड्यांवरच्या रोमन आकड्यांवरून (शाळेत बाईंनी चार काढायला सांगितल्यावर मी चार उभ्या रेघा ओढल्या होत्या आणि तुम्ही शाळेत येऊन बाईंशीच वाद घातला होतात, आठवतं?), त्यामुळे सबंध घड्याळ हातात न येता दिवस गेला की मला जेवण जात नाही. हे कारण म्हणून सांगत नाहीये. कारण म्हणूनच सांगतेय.

मी राहते त्या घरात प्रवासी उतरतात. मालकीणबाई आपल्याच भाषेच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, म्हणून आपल्याकडची माणसं एकमेकांच्या सांगण्यावरून इथे येऊन टेकतात. सध्या आम्ही चौघं आहोत. मेट्रनबाई बहिणीच्या ऑपरेशनसाठी आल्या आहेत. जन्म इस्पितळात काढल्यामुळे त्या 'जेवलीस का' असं न विचारता 'पोटात काही गेलं का' असं विचारतात. टेलिफोनताई एकट्याच फिरायला निघाल्या आहेत. नोकरीभर ज्या ज्या शहरांना फोन जोडून दिले ती शहरं आता डोळ्यांनी बघायची असं त्यांनी ठरवलंय, आणि रोज संध्याकाळी परत आल्या की सांगतात, "आवाजावरून मोठं वाटलं होतं." तिसरे गार्डसाहेब, आगगाडीचे. मुलाकडे आले आहेत, पण मुलाची जागा एवढीशी की ते दिवसभर नातवाशी खेळतात आणि झोपायला इकडे येतात. जेवायला मात्र रोज नोकरीतला काळा कोट घालून, खिशात साखळीचं घड्याळ ठेवून बसतात. चौथी मी.

रात्रीचं जेवण झालं की ही मंडळी नोकरीतल्या गोष्टी काढतात. हा या घरचा रिवाजच झालाय, आणि क्रमही ठरलेला आहे. आधी मेट्रनबाई, कारण त्यांना अडवायची कोणाची छाती नाही. (त्यांच्या वॉर्डात एका पेशंटने चादरीखाली जिवंत कोंबडी लपवली होती आणि मोठे डॉक्टर तिची नाडी बघून गेले, हे त्या शपथेवर सांगतात.) मग टेलिफोनताई. त्यांच्या लाइनवर दोन सख्खे भाऊ रोज भांडायचे, आणि भांडण फार चिघळलं की ह्या मधेच घशातून खरखर आवाज काढून "लाइन खराब आहे, उद्या बोला" म्हणायच्या. भावांचं नातं म्हणे शेवटपर्यंत टिकलं. सगळ्यात शेवटी गार्डसाहेब. ते गाडी सुटल्यापासून एकेक स्टेशन घेत सांगतात, जिथे गाडी थांबत नव्हती तिथेही आपल्याला थांबवतात, आणि ऐकणाऱ्याचं घाईचं तोंड दिसलं की "ही पॅसेंजर आहे बाई, मेल नाही" म्हणून बजावतात. नऊचे टोले पडले की बैठक संपते. मालकीणबाईंना पहाटे उठून पाव भाजायचा असतो, त्यामुळे टोले पडले की दिवा बंद, असा त्यांचा कडक नियम आहे.

आणि इथे मी आले. मला पहिल्याच आठवड्यात दिसलं की घड्याळ सकाळी बरोबर असतं आणि रात्रीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मागे पडतं. काका, तुमच्या हाताखाली वाढलेल्या मुलीने काय करायला हवं होतं? आपल्या दुकानात बंद घड्याळ चालतं, चुकीचं चालत नाही. दुरुस्त झालेलंसुद्धा आठवडाभर भिंतीवर मुक्काम केल्याशिवाय तुम्ही बाहेर सोडत नाही. मी तीन दिवस घास गिळताना त्या घड्याळाकडे पाहिलं आणि रविवारी सकाळी खुर्चीवर चढले. मेट्रनबाईंनी माझा घोटा धरला (आणि सवयीने ठोके मोजले, आणि जास्त आहेत म्हणाल्या). टेलिफोनताई स्वयंपाकघरात मालकीणबाईंना सगळा वृत्तान्त ओरडून पोचवत होत्या. गार्डसाहेब तेवढे पुन्हा पुन्हा म्हणत होते, "राहू दे गं पोरी, म्हातारं झालंय ते, कशाला त्याच्या मागे लागतेस?" मला वाटलं, सभ्य माणूस आहे, मला तसदी नको म्हणून म्हणतोय. आत बघते तर लंबकाला खालून दोऱ्याने दोन जाड पितळी बटणं बांधलेली, त्यांच्या वजनाने तो संथ झालेला. कोणीतरी पोराने खेळ केला असेल म्हणून मी ती सोडली, तेल दिलं, काटे लावले. वर कळस म्हणजे बटणं चिंचोक्यासारखी चकचकीत घासून नाश्त्याला टेबलाच्या मधोमध ठेवली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "ही कुणाची?" मेट्रनबाईंनी साखर ढवळली. टेलिफोनताई खिडकीबाहेर बघू लागल्या. गार्डसाहेबांनी कपात असं काही पाहिलं जसं काही त्यांचा चहा बोगद्यात शिरला होता. मी मनात म्हटलं, किती प्रामाणिक माणसं आहेत, आपलं नाही त्यावर कोणी हात टाकत नाही! आणि लगेच वर जाऊन तुम्हाला ते पत्र लिहिलं.

त्या रात्री गार्डसाहेबांची गोष्ट ऐन रंगात आली होती. नोकरीतला पहिलाच महिना, आडबाजूचं स्टेशन. एक बाई तान्ह्या पोराला डब्यात ठेवून पाणी भरायला उतरली होती. सिग्नल पडलेला, ड्रायव्हर भोंगा देतोय, खिडकीत पोर रडतंय, नळाला धार बारीक, आणि फलाटावर नेमका साहेब, हातात घड्याळ घेऊन यांच्या शेजारी उभा. "मी हिरवं निशाण उलगडलं," गार्डसाहेब म्हणाले, "शिट्टी तोंडाला लावली, आणि..." आणि घड्याळाने नऊ वाजवले. काका, ही माणसं घंटेवर वाढलेली आहेत! आपण राहिलो असतो बसून. मेट्रनबाई पहिल्या टोल्याला उठल्या, टेलिफोनताईंनी कानाला नसलेलं यंत्र काढून ठेवावं तसा हात केला, आणि स्वतः गार्डसाहेबसुद्धा वाक्य तसंच सोडून ताडकन उभे राहिले. दिवा बंद झाला. तेव्हापासून ती गाडी त्या फलाटावर उभी आहे, आणि शिट्टी वाजली की नाही हे मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मेट्रनबाईंची गोष्ट झाली, टेलिफोनताईंची झाली, की लगेच टोले. गार्डसाहेबांची पाळीच येईना. एकदा दोघींनी त्यांच्यासाठी जागा करायची म्हणून आपापल्या गोष्टी इतक्या भराभर उरकल्या की कोंबडी बिचारी पाच वाक्यांत सापडली, कापली आणि शिजली. तरी गार्डसाहेब म्हणाले, घाईत नाही सांगता येत. आता ते शेवटचा घास झाला की "बरं, येतो" म्हणून वर जातात. मी परवा जिन्यात त्यांना गाठलं आणि विचारलं, तेवढं एक सांगा, त्या बाईचं काय झालं? त्यांनी कठड्यावर हात ठेवला. म्हणाले, "टेबलावरची गोष्ट जिन्यात नाही सांगत मी. आणि आता राहिलंच किती? रविवारी निघतो. घरी गेल्यावर सांगेन की भिंतीला." हे हसत म्हणाले. हात कठड्यावर होता म्हणून मला बाही दिसली. काळ्या कोटाच्या बाहीवर तीन-तीन बटणं हवीत, तिथे एकेक पितळी बटण कमी होतं आणि त्या जागी शर्टाची पांढरी बटणं शिवलेली.

मी तशीच खाली गेले आणि भांडी विसळता विसळता मालकीणबाईंसमोर रडले. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, घड्याळ मागे पडतं हे मला माहीत नव्हतं होय? रोज सकाळी काटा पुढे कोण करत होतं?" सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना! मेट्रनबाईंनी तर म्हणे दोरा सैल झाला होता तेव्हा स्वतः गाठ मारली होती, जखमेला मारतात तशी. मी विचारलं, मग मला अडवलं का नाही कोणी? तर म्हणे, "तू एवढ्या हौसेने खुर्चीवर चढलीस! आणि अडवणार काय सांगून?" मग नियमच जरा सैल करा ना, म्हटलं, नवाचे साडेनऊ करा. त्यावर त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आज साडेनऊ केले तर उद्या दहा मागतील. नियम माझा आहे, तो मी मोडणार नाही. घड्याळ मागे पडलं तर मी काय करणार?"

म्हणजे काका, हे घर एका चुकीच्या घड्याळावर अगदी सुरळीत चाललं होतं, आणि त्यात मी बरोबर वेळ घातली. बटणं माझ्या उशाशी डबीत आहेत. ती परत बांधायला क्षणभर पुरे, पण माझा हात धजत नाही. स्प्रिंग सुटून नाकावर बसली तरी चालेल, पण चांगलं चालणारं घड्याळ जाणूनबुजून चुकवायचं हे मी कधी केलेलं नाही, आणि आपल्या घरात कोणीच केलेलं नाही. म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही आधी "तिथे वाजले किती?" विचारता, मग सेकंदापर्यंत पडताळता, आणि तेवढ्यात माझे पैसे संपतात. तेव्हा एवढंच विचारते: बांधू का? आईला नमस्कार, गुडघ्याला शेक द्या.

तुमची आज्ञाधारक पुतणी
(घड्याळजी, अजून कच्ची)

ता. क. खरं तर मला दुसरंच मागायचं आहे. गार्डसाहेबांचं घर आपल्याच गावात, बाजाराच्या मागच्या बाजूला आहे. पत्नी गेल्यापासून तिथे ते एकटेच असतात. मी त्यांना तुमचा पत्ता दिलाय आणि सांगितलंय, "तुमच्या खिशातल्या घड्याळाचा आवाज आमच्या काकांना एकदा ऐकवा." (यात खोटं काही नाही. आवाज खरोखर ऐकण्यासारखा आहे.) त्या घड्याळाला काहीही झालेलं नाही. तरी ते ठेवून घ्या आणि जमेल तितके दिवस लावा. ते रोज संध्याकाळी "झालं का?" विचारायला येतील. स्टूल द्या. शटर ओढायची घाई करू नका. काकू गेल्यापासून तुम्हीही दुकान बंद करून लवकर घरी जाता आणि घरी जाऊन काही करत नाही, असं आई म्हणते.

पुन्हा ता. क. आईने आणखीही एक सांगितलं. तुम्ही काउंटरसमोरच्या भिंतीवर एक घड्याळ वेगळ्याच वेळेला लावलंय, गिऱ्हाईक "हे चुकलंय" म्हणालं की "नाही, ते पोरीचं आहे" एवढंच म्हणता, आणि दुपारचा चहा पिताना मी आता कारखान्यात पोचले असेन म्हणून त्याच्याकडे बघता. हे वाचल्यावर तुमच्या परवानगीची वाट बघत बसायची मला फारशी गरज वाटेनाशी झाली. तसंही तुमचं उत्तर येईपर्यंत गार्डसाहेब विमानात असतील. शिट्टीचं काय झालं ते त्यांच्याच तोंडून दुकानात ऐका, मी आधी सांगणार नाही. सकाळी मालकीणबाई काटे तपासून पाव भाजायला आत वळल्या की मी बटणांची डबी घेऊन खुर्चीवर चढणार आहे. मेट्रनबाई घोटा धरायला तयार आहेत. येत्या शुक्रवारी.