सरोजाबाईंच्या पेशी

चेन्नई, मंगळवार, ८ ऑगस्ट २००६

दुपारी पेशींचं पोषक द्रव बदलताना मी दोन्ही डिशांची झाकणं एकदम काढली. एका डिशमध्ये सरोजाबाईंच्या पेशी, दुसरीत प्रयोगासाठी कुणा परक्याच्या. नावं फक्त झाकणांवर. तेवढ्यात फोन वाजला, मी वळले, मग झाकणं लावली. बरोबर लावली? असणार. पण शपथेवर नाही सांगता येत.

बाईंच्या चांगल्या डोळ्यातून घेऊन वाढवलेल्या या पेशी उद्या त्यांच्या चुन्याने भाजलेल्या डोळ्यात बसवायच्या होत्या. परक्या गेल्या असत्या तर शरीर त्यांच्यावर तुटून पडलं असतं. आणि आम्ही 'यश आलं नाही' एवढंच लिहिलं असतं. चूक कुणालाच कळली नसती. याचीच जास्त भीती वाटते.

तासभर दुसरीच कामं करत राहिले. त्या झाकणांवरचं माझंच अक्षर बघवेना. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेले. ते ओरडले नाहीत. "तपासून कळेपर्यंत पेशी टिकणार नाहीत. दोन्ही टाकून दे," म्हणाले. "आणि बाईंना तूच सांग."

सरोजाबाई तंजावूरच्या, मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून पहिल्या दिवसापासून मला धरून असतात, तमिळ सवयीने 'मा' म्हणतात. मी सगळं सांगितलं. बाई चांगल्या डोळ्यावर तळवा ठेवून म्हणाल्या, "परत यातनंच घेणार का मा?"

मी हो म्हटलं. या खेपेला त्याही डोळ्याला इजा झाली तर, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याच्याने सांगवलं नाही.