गोधडीतले खिसे

गोंदिया,
१९ नोव्हेंबर २०२४

लाडके सोनिका,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद, आचलला पापा. आम्ही दोघं बरे आहोत. कॉन्व्हेंटात सिस्टर आधी ख्यालीखुशाली लिहायला लावायच्या, ती सवय अजून आहे.

काल फोनवर मी म्हटलं, आचलची गोधडी पिशवीत बांधून ठेव, कसर लागली असेल. कसर लागलेली नाही.

आचलच्या रक्तात शिसं निघालं, डॉक्टरांनी काजळाचं विचारलं आणि तू सासूबाईंची डबी कचऱ्यात फेकलीस. तेव्हापासून शामकलाबाई नातीला जवळ घेत नाहीत, हे तूच सांगितलंस. मी नुसतं "हं" म्हटलं.

तुझ्या बी.एड.च्या परीक्षेच्या वेळी आचल चार महिने आमच्याकडे होती. तेव्हा बाबा कोहमाऱ्याच्या रस्त्यावर एका बंद कारखान्याची जमीन मोजत होते. तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवत. बाबांसोबत फीत धरणारा टिकाराम एकदा दारातूनच म्हणाला, "बाई, सायबाचे कपडे वायले धुवत जा, बाकीच्यात नका टाकू. तिथली धूळ बेकार आहे."

"काऊन रे, आता तू मले धुणं शिकवून राहिला का?"

तो हसला. मीही हसले.

बाबा आल्या आल्या, हातपाय न धुताच, तिला उचलायचे. "चला पटवारीणबाई, आज किती एकर मोजले?" ती त्यांच्या खिशात मूठ घालायची आणि बाहेर काढायला तयार नसायची. मला ते फार गोड वाटायचं. बाळाला घरातल्या मोठ्यांचं जुनं कापड पांघरायला द्यायचं, ही आपल्याकडची रीत. म्हणून तिच्या गोधडीसाठी मी बाबांचे मोजणीचे चार मऊ शर्ट घेतले. खिसे तसेच ठेवले. बाबांचा वास राहावा म्हणून शिवण्याआधी धुतलेही नाहीत.

झोपताना ती त्या खिशाचा कोपरा चोखते, असं तू हसत सांगितलं होतंस.

गेल्या आठवड्यात मी बाबांचं रक्त तपासून घेतलं. आचलपेक्षा दुप्पट शिसं निघालं. कागद वाचून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सोनिकाले नको सांगू. पोरीले उचलू देणार नाही थे मले."

त्यांना न सांगताच हे लिहिते आहे. पत्र पेटीत टाकून आले की सांगेन.

डॉक्टरांना हे सगळं सांग. पिशवी उघडू नकोस, गोधडी झटकू नकोस. पण त्याआधी शामकलाबाईंशी बोल. माझं नाव घेऊन बोल. मी गप्प राहिले, हेही सांग.

इथे मी रोज ओल्या फडक्याने घर पुसते आहे. कोपऱ्यांत काय उरलं असेल, ते डोळ्यांना दिसत नाही.

नातीला इकडे आणू नकोस, असं स्वतःच्या हाताने लिहिणारी,
तुझी आई