केरूमामांनी आणलेली नळी

अंबड, नाशिक

चि. सोमनाथ, ताईचे आशीर्वाद.

१. केरूमामांनी तुझी नळी आणून दिली. "मोटारीचा पाइप आहे, ताई, आतून घासून दे," ही तुझी चिठ्ठीही मिळाली.
२. नळीला बारुदाचा वास होता.
३. माझ्या कंपनीत तपासली. जोडाला उभी चीर आहे.
४. मी तिचे दोन तुकडे केले.

तित्तर मारायला स्वस्तात बंदूक केलीस. पुढच्या बाराला ती तुझ्याच तोंडावर फुटली असती. मामांचा उजवा पंजा अशाच बंदुकीने गेला. नळी बंदुकीची आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणाले, "पोरी, त्याला आत्तापासूनच डाव्या हातानं लिहायला शिकव."

आईचा गुडघा कसा आहे? तिला काही सांगितलेलं नाही. मी बरी आहे, झोप तेवढी लागत नाही.

दुसरी नळी घेतलीस का? शनिवारपर्यंत उत्तर लिही, उजव्या हाताने.

तुझी,
वैष्णवीताई